कापूसबाबांचा उजवा कान

कापूसबाबांनी उजवा हात वर केला आणि हॉलमधली तीनशे माणसं एकदम गप्प झाली. पंखे बंद ठेवले होते, कारण पंख्यांच्या घरघरीने म्हणे 'नाद' विस्कटतो. त्यामुळे माणसं घामाने निथळत गप्प बसली होती.

बाबांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. बोळे चांगले लिंबाएवढे, आणि वरून डोक्याभोवती पांढरी पट्टी बांधलेली.

"बाहेरचं मी ऐकत नाही," बाबा म्हणाले. "बाहेर नुसता गोंगाट आहे. मला आतलं ऐकू येतं." त्यांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली. "तिसरी रांग... हिरवी ओढणी... उजवा गुडघा ना, ताई? जिना उतरताना जास्त ठणकतो."

हिरव्या ओढणीवालीचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! मी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं!"

सांगितलं होतं. अर्ध्या तासापूर्वी, बाहेरच्या अंगणात, नंबराची चिठ्ठी घेताना. मी तिच्या मागेच उभी होते. पण तिला ते खरंच आठवत नव्हतं, आणि त्यात तिचा काय दोष? गुडघा दुखणारा माणूस दिवसातून दहा जणांना गुडघ्याचं सांगतो, त्यातली एखादी चिठ्ठीवाली ताई कोण लक्षात ठेवतो?

"आतला कान उघडा," बाबांनी सुरू केलं. "आतला कान उघडला की गुडघा काय, कंबर काय, सगळं आपोआप जुळून येतं. हे कंपनांचं शास्त्र आहे. परदेशातले शास्त्रज्ञ आता आता कुठे इथवर पोचलेत. पण यंत्रं आड येतात. चष्मा, दम्याचा पंप, कानातली मशीन. यंत्र सोडा, नाद धरा!"

"यंत्र सोडा, नाद धरा!" तीनशे गळे म्हणाले. माझ्या शेजारून माझ्या सासूबाईंचा गळा सगळ्यांत मोठ्याने.

स्टेजच्या पायाशी प्लायवूडची एक पेटी होती, वर फट ठेवलेली. येणाऱ्याने आपलं यंत्र तिच्यात टाकायचं. बाबा कुणाकडून एक पैसा घेत नसत. लोकांना याचंच फार कौतुक. पेटी दर आठवड्याला रिकामी होते, मग आतलं जातं कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या पेटीसाठीच आम्ही तिथे आलो होतो. माझी चार वर्षांची लेक मांडीवर बसली होती. तिच्या दोन्ही कानांमागे वाटाण्याच्या शेंगेएवढी दोन मशीन होती, आणि सासूबाईंनी बाबांना शब्द दिला होता की या रविवारी ती मशीन पेटीत पडतील.

लेकीचं नाव काहीही असो, घरात ती साळू. साळुंकीची साळू. तान्ही असताना तोंडाने सारखे आवाज काढायची म्हणून सासूबाईंनीच ठेवलेलं नाव. मग हळूहळू ते आवाज थांबले. "मुली उशिरा बोलतात," "बाप पण उशिरा बोलला," असं ऐकण्यात आमची दोन वर्षं गेली. ती तीन वर्षांची झाल्यावर कळलं की तिला ऐकूच फार कमी येतं. कानाच्या डॉक्टरबाई त्या दिवशी म्हणाल्या, "मेंदू ऐकायला शिकतो ते याच वयात. जागी असेल तितका वेळ मशीन कानात हवं. एक दिवस गेला तर तो दिवस परत येत नाही." हे वाक्य मी आठ महिने उशाशी घेऊन झोपत होते. झोपत होते म्हणायचं आपलं.

आठ महिन्यांत साळूचे बेचाळीस शब्द झाले. फ्रिजवर यादी लावली होती. सासूबाईंना मात्र शब्द दिसत नव्हते, मशीन दिसत होतं.

"लग्नाच्या वयाची होईल तेव्हा हे लोंबतं घेऊन फिरणार का ती?" त्या म्हणायच्या.

"आई, ती चार वर्षांची आहे."

"आज चार आहे. बाबांनी मला काही न सांगता ओळखलं, घरात मुकं पाखरू आहे म्हणून."

"तुम्ही चिठ्ठी घेताना काही बोलला होता का?"

"तू ना, पोलीस व्हायला हवी होतीस!"

आणि मग गेल्या रविवारी मशीनच्या सेलचं नवं कोरं पाकीट कपाटातून नाहीसं झालं. ते पेटीत गेलं होतं. मी विचारल्यावर सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. त्या कधीच खोटं बोलत नाहीत, हीच तर अडचण. "टाकलं मी," म्हणाल्या. "माझ्या नातीसाठी टाकलं."

नवरा दोघींच्या मध्ये बसून जेवत होता. "एकदा जाऊन येऊ ना," तो म्हणाला. "आईचं मन राहील. मशीन टाकायचं की नाही ते तिथे ठरवू."

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. शिल्लक राहिलेले चार सेल मी पर्समध्ये टाकले आणि निघाले.

नवऱ्याचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांच्या टपावरचे कॅरिअर, शिड्या, स्टँड असली कामं तो करतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं. पांढऱ्या व्हॅनच्या टपावर रेडिओची उंच कांडी बसवायची होती, पण टपाला भोक पाडायचं नव्हतं. "प्रथमोपचाराची गाडी आहे, गावोगाव फिरते," गिऱ्हाइकाने सांगितलं. असलं काम नवऱ्याने कधी केलं नव्हतं, म्हणून त्याला चेव आला. आठवडाभर जेवणाच्या ताटाशेजारी कागद पेन्सिल.

त्याने कॅरिअरच्या आडव्या नळीला यू-क्लॅम्प आवळला, त्यावर एल आकाराची जाड पट्टी वेल्ड केली, पट्टीत भोक पाडून त्यात कांडीचं बूड बसवलं. क्लॅम्पखालचा रंग कानशीने खरवडून काढला, "लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, नाहीतर नुसती खरखर येते" म्हणून. आणि कांडी मात्र लोखंडाला कुठे म्हणजे कुठेही टेकायला नको होती. मध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा हवा होता. तो त्याला बाजारात मिळेना.

एका संध्याकाळी मी भाजी चिरायला घेतली तर माझा चॉपिंग बोर्ड नाही.

"अरे, माझा बोर्ड?"

"तुला नवा आणतो. इतका मस्त कापला गेला म्हणून सांगू!"

कमानी कमी उंचीच्या असतात म्हणून त्याने कांडी दुमडायची सोयही केली होती. दोन पंखांचा एक नट, हातानेच सैल करायचा आणि कांडी मागे आडवी टाकायची. "फक्त बोलताना उभी ठेवायची," त्याने मला तीनतीनदा सांगितलं, जणू मीच व्हॅन चालवणार होते. "आडवी होऊन टपाला टेकली की मुकी."

नवा बोर्ड अजून आलेला नव्हता.

तर त्या रविवारी अंगणात शिरताना, चिठ्ठीच्या टेबलामागे, मला पांढरी व्हॅन दिसली. टपावर उंच कांडी, आणि तिच्या बुडाशी पांढऱ्या प्लास्टिकचा चौकोन. त्यावर अर्धचंद्रासारखा तपकिरी डाग. तो डाग मीच पाडला होता, गरम पातेलं ठेवून.

"हा माझा बोर्ड आहे," मी म्हटलं.

नवऱ्याने पाहिलं. त्याचा चेहरा आधी खुलला. स्वतःचं काम रस्त्यात भेटलं की कारागिराचा चेहरा खुलतोच. "अरे, आपलीच! बघ, दोन महिन्यांत हललीसुद्धा नाही."

"प्रथमोपचाराची गाडी इथे काय करते?"

"कुणाला चक्कर आली तर लागत असेल," तो म्हणाला. मलाही ते पटलं. थकलेल्या माणसाला काहीही पटतं.

चिठ्ठीवाली ताई फार गोड बोलत होती. वही नाही, पेन नाही, नुसत्या गप्पा. "काय गं बाळाला? ऐकू येत नाही? अरेरे. आणि आजी पण आल्यात वाटतं." मग ती "पाण्याच्या बाटल्या आणते" म्हणून व्हॅनकडे गेली. आत हॉलमध्ये मोबाइलला रेंज नव्हती, भिंती जाड होत्या. शिवाय मोबाइल बंद करायला लावले होते.

आम्हाला अगदी पुढे, स्टेजला लागून असलेल्या सतरंजीवर बसवलं. लहान मुलाचं प्रकरण होतं, ते लोकांना नीट दिसायला हवं होतं.

साळू कंटाळली. कंटाळली की ती मशीनच्या बटणाशी खेळते. मी तिचा हात खाली घेतला, तिने परत वर नेला. मग एकदम ताठ बसली. कुणीतरी खिडकी उघडावी तसा तिचा चेहरा झाला. मी हळूच हाक मारली, तिने मान वळवली नाही.

आणि ती म्हणाली, "शर्ट. निळा."

डॉक्टरबाईंनी आम्हाला एक खेळ शिकवला होता, 'ऐक आणि म्हण'. ऐकू आलेला शब्द मोठ्याने म्हणायचा की एक मणी वाटीत. रोज अर्धा तास. कधी तीन मणी पडायचे, कधी एकही नाही. साळूने माझ्यापुढे तळहात पसरला. तिला मणी हवा होता.

वर बाबांनी मान तिरकी केली. "पाचवी रांग... निळा शर्ट..."

"पोट," साळू म्हणाली.

"पोटाची तक्रार!" बाबा म्हणाले.

मागच्या बाईने माझा खांदा धरला. "अहो, तुमची मुलगी आधी बोलतेय!"

"आजी. काठी," साळू म्हणाली. आवाज खणखणीत.

"दाराजवळच्या आजी," बाबा किंचित अडखळले, "ती काठी आता सोडायची..."

मग हॉलमध्ये एकच कल्ला झाला. "पोरीलाही ऐकू येतंय!" "अंश आहे अंश!" लोक गुडघ्यांवर उठून बघायला लागले. एका बाईने पुढे सरकून साळूच्या पायाला हात लावला. सासूबाई रडत होत्या, हसत होत्या. "माझी साळू बोलली! अगं, ऐकतेस ना? माझी साळुंकी बोलली!"

मी ऐकत होते. माझी लेक सलग पाच शब्द बोलली होती, अनोळखी माणसांत, न चुकता. आठ महिने मी या क्षणाची वाट बघत होते. कुणी मला तेव्हा विचारलं असतं की बाई, हा चमत्कार तुला ठेवायचाय का, तर एक सेकंद मी हो म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू? इतकी मी दमले होते.

बाबा मोठे हुशार. बोट कानावरच्या पट्टीला लावून ते उभे राहिले. "हे लेकरू आमच्या मार्गातलं आहे. आतला कान उघडतोय. पण यंत्र आड येतंय. आजी, काढा ते. टाका पेटीत."

सासूबाईंनी हात पुढे केला.

मी साळूकडे वाकले. "कोण बोलतंय, साळू?" तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं, मग कानावर, मग हाताने विचारलं, कोण?

"ताई," ती म्हणाली. "चिठ्ठी ताई."

मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक मी पाच वेळा वाचलंय. घाबरट माणसं वाचतात. त्यात एक पान होतं: बटण दाबलं की मशीन बाहेरचं ऐकणं बंद करतं आणि फक्त जमिनीखाली फिरवलेल्या तारेतला आवाज पकडतं. काही सभागृहांत तशी तार असते, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. मी पान उलटलं होतं. अशा सभागृहात आपण कशाला जातोय, असं वाटून.

मी सतरंजीवर तळवा फिरवला. कडेने, स्टेजला वळसा घालून, बोटाएवढा उंचवटा गेला होता.

"बाहेर जा," मी नवऱ्याला म्हटलं. "तुझा पंखांचा नट सैल कर. कांडी आडवी पाड."

"काय?"

"टेकली की मुकी ना? मग टेकव."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग साळूकडे, मग बाबांच्या कापसाकडे. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा कारागीर उतरला. तो उठला.

मी साळूला उचलून स्टेजच्या पायरीवर उभं केलं. तीनशे माणसांपुढे मी शाळेतसुद्धा कधी बोलले नव्हते. "काढते मशीन," मी म्हटलं. "पण पेटीत टाकायच्या आधी सगळ्यांनी बघा. आड येत असेल, तर काढल्यावर हिला जास्तच ऐकू येईल ना?"

"येईलच!" मागून कुणीतरी.

मी दोन्ही मशीन काढून तळहातावर धरली. बाबांचा इलाज नव्हता. "सहावी रांग... टक्कल पडलेले गृहस्थ... पाठ," ते म्हणाले. साळू गप्प. तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या रिकाम्या कानाला हात लावला.

मशीन परत चढवली. बटणाला मी हात लावला नाही.

"टोपी," साळू लगेच म्हणाली. "दमा."

"बाबांनी अजून तोंड उघडलं नाहीये," मी म्हटलं. "दम्याचं कोण आहे?"

टोपीवाल्या माणसाने भीत भीत हात वर केला.

"तुम्ही चिठ्ठी घेताना सांगितलं होतं का?"

"सांगितलं... म्हणजे... त्यांनी विचारलं म्हणून."

"आतला कान आहे, तर तो मशीन काढल्यावर बंद का होतो?"

"श्रद्धा लागते, बाई!" बाबा गरजले. मला जरा बरं वाटलं, कारण कानात बोळे असलेल्या माणसाने माझा प्रश्न पहिल्याच झटक्यात ऐकला होता. पुढच्या दोन रांगांना ते कळलं. खसखस पिकली.

"नाद अजून चालू आहे!" ते घाईने म्हणाले आणि मान तिरकी केली. "चौथी रांग... चौथी..."

मान आणखी तिरकी झाली. साळूनेही तशीच मान तिरकी केली, मग दोन्ही हात पसरले. "नाही. ताई गेली."

"आज इथे शंका बसली आहे," बाबा म्हणाले. "नाद शंकेला घाबरतो."

"नाद टपावर आडवा पडलाय," दारातून नवऱ्याचा आवाज आला. "मीच पाडला. बांधलाही मीच होता." त्याच्या हातात बुटांचं खोकं होतं. मागून चिठ्ठीवाली ताई "अहो, असं गाडीतलं घेऊ नका" म्हणत धावत आली, आणि लोकांनी तिच्या हातातला बोलायचा माइक पाहिला.

टोपीवाल्याने सतरंजी उचलली. खाली काळी तार, चिकटपट्टीने चिकटवलेली, स्टेजखालच्या एका डब्यात गेलेली. बाहेर गाडीत ताई बोलायची, कांडी ते हवेत सोडायची, स्टेजखालचा डबा ते पकडून तारेत घालायचा. आणि तार ते ज्याच्या कानात मशीन असेल त्याच्या कानात.

"म्हणजे यांच्या कानात..." हिरव्या ओढणीवाली बोलता बोलता थांबली. मग पुढे आली, गुडघा दुखत असूनही दोन पायऱ्या चढली. "बाबा, कापूस काढा की जरा."

"हा नेम आहे माझा."

"काढा हो. आम्ही चष्मे काढले, पंप काढले. तुम्ही कापूस काढा."

त्यांनी काढला नाही. पण नको नको म्हणताना पट्टी सरकली आणि उजव्या कानातला बोळा आपणच खाली पडला. आत मशीन होतं. साळूच्या मशीनची धाकटी बहीण शोभेल असं, कातडीच्या रंगाचं, महागातलं.

"मशीन!" साळू आनंदाने म्हणाली. इतक्या माणसांत तिला एक आपलं माणूस सापडलं होतं.

शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले होते. "काय झालं?" ते सारखे ओरडत होते. "अहो, कुणी सांगेल का मला, काय झालं?" त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी आपलं मशीन पेटीत टाकलं होतं. नवऱ्याने खोकं उघडलं. त्यात मशीन होती, एकेक पुसून पिशवीत घातलेलं, वर विक्रीच्या चिठ्ठ्या. म्हाताऱ्यांनी आपलं ओळखलं, कानात बसवलं. "हां," म्हणाले. "आता सांगा."

पुढचं पोलिसांनी केलं, ते जेवढं करतात तेवढं. काही लोक तरीही म्हणाले की बाबांची शक्ती खरी होती, तार नुसतं निमित्त. त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

घरी येताना बसमध्ये सासूबाईंनी साळूला मांडीवर घेतलं. मग विचारलं, "पण ती बोलली, ते खरं ना?"

"खरं, आई."

"कशाने?"

"मशीनने. आणि रोजच्या त्या मण्यांनी."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "ते सेल कसे घालतात, दाखव मला." दोनदा उलटे घातले. तिसऱ्यांदा बसले.

नवऱ्याने कांडीचा तो पाया व्हॅनवरून सोडवून आणलाय. वर्कशॉपच्या भिंतीला टांगलाय, माझ्या बोर्डासकट. आता नवं काम आलं की तो आधी विचारतो, हे कशाला हवंय.

मला मोठं काही सांगायचं नाही. कुणाला आतलं ऐकू येतं, कुणाला बंद डोळ्यांनी दिसतं, कुणाच्या हाताने रोग पळतो, असं कुणी सांगितलं तर रागावू नका, हसूही नका. फक्त विचारा. हे मी आधी कुणाला सांगितलं होतं? ज्याने माझं औषध सोडायला लावलं, तो स्वतः काय वापरतो? आणि कापूस काढायला सांगा. खरं असेल तर कापसाशिवायही राहील. तोवर मुलांची औषधं, मशीन, चष्मे कुणाच्या पेटीत टाकू नका. त्यांचे दिवस परत येत नाहीत.

पंधरा दिवसांनी हिरव्या ओढणीवाली दवाखान्याच्या दारात भेटली. गुडघ्यासाठी आली होती.

"अहो, आमच्या गल्लीत एक आलेत," ती आवाज खाली आणून म्हणाली. "डोळ्यांवर पट्टी बांधून पत्र वाचतात! घडाघडा!"

मला एकदम थकवा आला. साळूचा हात मी दुसऱ्या हातात घेतला. "पट्टी कुणाची?" मी विचारलं. "तुमची, की त्यांचीच?"

"त्यांचीच," ती म्हणाली. मग ओढणी सारखी केली. "रविवारी माझी घेऊन जाते."